लाल बटणाची वायर

"अगं, टॉर्च वायरीवर धर, माझ्या टकलावर नको. टकलाला काही झालेलं नाही."

नवऱ्याचं डोकं पत्र्याच्या कंट्रोल पेटीत होतं, त्यामुळे त्याचा आवाज जुन्या रेडिओतून आल्यासारखा घोगरा येत होता. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून, एका गुडघ्यावर, अर्धा तास टॉर्च धरून बसली होती. टकलाला काही झालेलं नाही हे तिलाही मान्य होतं. कशाला काय झालंय ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

मागची खोली पूर्वी जादा गाद्यांची होती. आता तिथे लोखंड कोरून आकार द्यायचं एक जुनं मिलिंग मशीन उभं होतं, हाताने चाकं फिरवून चालवायचं. एक चाक टेबल डावीउजवीकडे न्यायला, एक पुढेमागे आणि एक वरखाली. नवऱ्याने चार महिने खपून तिन्ही चाकं काढली होती आणि त्यांच्या जागी मोटरी बसवल्या होत्या. आता कॉम्प्युटर सांगणार, मोटर फिरणार, टेबल सरकणार. माणसाने फक्त बघायचं.

एकतीस वर्षं तो अशाच मशीनवर उभा होता. कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याला 'मायक्रॉन' म्हणत, कारण केसाएवढा फरक त्याला चाक फिरवतानाच हाताला कळायचा. दोन वर्षांपूर्वी एक दिवस तो दुपारीच घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "सोडलं. आता नवी पोरं, नवी मशीनं. आपण कशाला अडगळ?" निरोपाच्या दिवशी फोरमनने त्याचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ घट्ट धरून ठेवला. ती बाजूलाच उभी होती. फोरमननेही काही म्हटलं नाही.

"कॉम्प्युटरला हातच नसतो," नवरा हल्ली येईल त्याला सांगायचा, "मग हाताची चूक कुठून होणार?"

"डोकंही नसतं," ती म्हणायची. "म्हणून तुमचं पटतं."

लेक परगावी होती, दर बुधवारी फोन करायची. "आई, बाबांचं ते कसं आहे?"

"आहे तसंच."

"डॉक्टरांचं बोललीस का?"

"काढते विषय."

विषय काही निघत नव्हता. तो आपोआप 'ते' झाला होता आणि घराने त्याच्याभोवती गुपचूप जागा करून दिली होती. चहाचा कप अर्धाच भरायचा. शर्टाच्या बटणांऐवजी आतून टिचबटणं लागली. पेपर हातात न धरता टेबलावर पसरून वाचला जाऊ लागला. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळत होते.

आणि आता हे मशीन. ते चालायचं, पाच मिनिटं छान गुणगुणायचं, आणि मध्येच थांबायचं. पडद्यावर लाल अक्षरं यायची: लिमिट.

म्हणजे काय, ते नवऱ्याने तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. टेबल कडेला जाऊन आदळू नये म्हणून प्रत्येक टोकाला एक छोटा स्विच असतो. हे सगळे स्विच एकाच वायरीत माळेसारखे ओवलेले असतात. टेबल स्विचला लागलं की माळ तुटते आणि मशीन थांबतं. पण वायर कुठे नुसती सैल असली तरी त्याला माळ तुटल्यासारखीच वाटते. म्हणजे मशीन भारी संशयी. सासूबाईंसारखं, ती मनात म्हणाली होती.

नवऱ्याने दोष सगळ्या जगाला दिला. फ्रिजमुळे विजेत गोंगाट होतो म्हणून फ्रिज दुसऱ्या प्लगवर गेला. मिक्सरवर बंदी आली. वॉशिंग मशीन लावायच्या आधी त्याची परवानगी लागायची. मग जाळीचं कवच असलेल्या वायरी आल्या, त्यांचं कवच एकाच टोकाला अर्थिंगला जोडून झालं, वायरींवर काळ्या कड्या चढल्या. मशीन तरीही थांबायचं.

तिला कारण माहीत होतं. लग्नाआधी सहा वर्षं ती पंख्याचे रेग्युलेटर बनवणाऱ्या कारखान्यात सोल्डरिंगचे डाग लावायला होती. शेकडो जोड रोज हाताखालून जायचे. लग्नानंतर ती विद्या इस्त्रीची वायर दुरुस्त करण्यापुरती उरली, पण डोळा कुठे जातो? पेटीतले अर्धे स्क्रू नुसते टेकलेले होते. वायरीचे चार धागे आत, सहा बाहेर. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडेच ओरखडे, पेचकस खाचेत बसायच्या आधी दहादा घसरल्याच्या खुणा.

दुपारी तो झोपला की ती बारीक पेचकस घेऊन मागच्या खोलीत जायची. धागे पिळून आत घालायची, स्क्रू आवळायची, वायर ओढून बघायची आणि पेचकस होता तिथे तसाच तिरका ठेवायची. संध्याकाळी तो दोष शोधायला पुन्हा सगळं उघडायचा आणि पुन्हा तसंच लावायचा. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा पालथा आहे हे सांगायची सोय नाही.

मग एका शनिवारी तिला शेवटचा दोष सापडला. मशीनच्या खांबामागच्या स्विचची वायर. तिथे तिचा हातच पोचेना. मशीन सकाळपासून अकरा वेळा थांबलं होतं आणि अकराव्या वेळी नवऱ्याने पेचकस भिंतीवर फेकून मारला होता. एकतीस वर्षांत त्याने हत्यार फेकलं नव्हतं. तिने मग सोपा मार्ग काढला. माळेची दोन टोकं जिथे बोर्डात शिरतात तिथेच दीड इंच पिवळ्या वायरीने त्यांना एकमेकांशी जोडून टाकलं. आता माळ कुठेही तुटो, मशीनला ती अखंडच दिसणार. टेबल काही टोकापर्यंत जात नाही, तिने स्वतःला समजावलं, आणि गेलंच तर लाल बटण आहे. ते वेगळं होतं. ते दाबलं की सगळा सप्लायच बंद. त्यानेच तर दाखवलं होतं.

संध्याकाळी मशीन तासभर एकदाही थांबलं नाही. नवरा शीळ घालत जेवायला आला.

"बघ, मिक्सरच होता. मी म्हणत होतो."

"तुम्ही म्हणत होता," ती म्हणाली आणि ताटात बघून जेवली.

रविवारी सकाळी धाकटा दीर आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दर रविवारी येऊन दादाला दोन तास मदत करायचा. आल्या आल्या त्याने पेटीकडे नजर टाकली, मग तिच्याकडे, आणि दोघांनीही नजर वळवली. तिला वाटलं, ह्याला माझे आवळलेले स्क्रू कळले असणार.

"आज होमिंग," नवऱ्याने जाहीर केलं. "मशीनला घर दाखवायचं. टेबल टोकाला जाणार, स्विचला लागणार, थांबणार. तिथून पुढे सगळी मापं."

"टोकाला जाणार?" तिने विचारलं.

"स्विच लागेपर्यंत. आजवर जमलंच नव्हतं, मध्येच बंद पडायचं ना."

तिने पेटीकडे बघितलं. "अहो, एक मिनिट थांबा."

तो वळला. आज त्याने दाढी केली होती, दोन ठिकाणी कापून घेतलं होतं, आणि चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. "आता काय?"

आता सांगायचं म्हणजे पिवळी वायर सांगायची. पिवळी वायर सांगायची म्हणजे सैल स्क्रू सांगायचे. स्क्रू सांगायचे म्हणजे.

"काही नाही," ती म्हणाली, आणि सरकून लाल बटणाजवळ जाऊन उभी राहिली.

नवऱ्याने कळ दाबली. टेबल डावीकडे निघालं, सावकाश, शहाण्या मुलासारखं. टेबलाचं टोक आणि मोटरीच्या लोखंडी कंसामधली फट कमी कमी होत गेली. एक वायर लोंबून नेमकी त्या फटीत आली होती. नवऱ्याला ती दिसली आणि त्याने ती काढायला हात घातला. चांगल्या हाताला एका क्षणाचं काम. त्याच्या हाताला ती वायर पहिल्यांदा सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही.

स्विच कट्‌ वाजला. टेबल थांबलं नाही.

तिने लाल बटण दाबलं.

टेबल थांबलं नाही.

"अगं," नवरा म्हणाला. ओरडला नाही, हाक मारतात तसं म्हणाला.

"वहिनी, बटण!"

"दाबलंय!" तिने तळहाताने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा, मग खाली बसून भिंतीतला प्लगच उपटला. मोटर गप्प झाली. टेबल मागे घ्यायला आता चाक नव्हतं. तिने मोटरीचा जोड उघड्या हाताने धरला आणि मागे पिळला. दीड फेरीत त्याची अडकलेली बोटं सुटली.

दोन नखं काळीनिळी झाली होती, एका बोटाची कातडी फाटली होती. तिने बोटं वाकवून बघितली, वाकत होती. तिने त्याला स्टुलावर बसवलं, थंड पाण्याचं भांडं आणून मांडीवर ठेवलं, हात त्यात बुडवला. दीर प्लगकडे बघत उभा होता, चेहरा पांढराफटक.

"बटण का नाही चाललं?" नवऱ्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता, टूलरूममधला.

"दादा, ती वायर मी गेल्या रविवारी बदलली," दीर म्हणाला. "तू लावलेली सप्लायची वायर बटणात नीट बसली नव्हती. तापून काळी पडली होती. जाड वायर आणेपर्यंत बटण स्विचांच्या माळेत घातलं. तेवढ्यापुरतं."

"मला न सांगता?"

"सांगणार होतो."

"कधी? बाराव्याला?"

तिला आता सगळा जोड लागला. म्हणजे एकीने माळच मिटवून टाकली होती आणि दुसऱ्याने बटण त्याच माळेत ओवलं होतं. दोघांनीही अगदी मायेने.

"माळेत घातलं तरी थांबायला हवं होतं," नवरा म्हणाला. "स्विच वाजलेला मी ऐकला."

ती उठली, पेटीत हात घातला, पिवळा तुकडा उपटून त्याच्यासमोर ठेवला. "मी. काल दुपारी."

त्याने तुकड्याकडे बघितलं. त्यावरचे जोड स्वच्छ होते, एकही धागा बाहेर नाही. बिघाड शोधताना तो जसा एकेका जोडावर थांबायचा, तसा तो थांबून विचारू लागला.

"का?"

"मशीन सारखं थांबत होतं म्हणून."

"का थांबत होतं?"

"वायरी सैल होत्या."

"मी आवळल्या होत्या."

"मी रोज दुपारी परत आवळत होते."

"दादा, हल्लीचे स्क्रूच हलक्या मालाचे," दीर घाईघाईने म्हणाला, "आमच्या लिफ्टलासुद्धा..."

"तू गप्प बस." नवऱ्याने तिच्यावरची नजर काढली नाही. "रोज?"

"दीड महिना."

"सैल का राहत होत्या?"

तिला फोनवरची लेक आठवली, फोरमन आठवला, अर्धे भरलेले कप आठवले. आताही काहीतरी म्हणता आलं असतं. चष्म्याचा नंबर. पेटीतला अंधार. तिने भांड्याकडे बघितलं. त्याचा हात पाण्यात निवांत पडला होता, तरी पाण्यावर बारीक वलयं उठत होती, एकामागून एक, काठापर्यंत जात होती.

तिने त्याच्यासमोर बैठक मारली आणि दोन्ही हातांनी भांडं धरलं.

"तुमचा हात थरथरतो हो," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."