रिठ्याच्या पाण्यात न्हालेलं घड्याळ

जरा कान जवळ आणा, माझा आवाज बारीक आहे. ठाण्यातल्या बाळकुमच्या एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहणारं मी एक मनगटी घड्याळ. सेल माझ्या पोटात नाही. रोज चावी द्याल तर चालतो, विसरलात तर मीही विसरतो.

माझा जन्म पॅरिसच्या एका जुन्या जवाहिऱ्याच्या घराण्यातला. तिथे आधी राण्यांचे हार घडायचे, घड्याळं नंतर सुचली. त्यामुळे आम्हा भावंडांचं वेळेपेक्षा रूपाकडे लक्ष जास्त. मी चौकोनी, सोन्याचा, बिस्किटाहून पातळ. चावीच्या टोकाला निळा खडा. पाण्याचं मात्र वावडं.

माझा पहिला मालक औषधांचा दुकानदार. चाळीस वर्षं त्याने रोज सकाळी कॉफी पिताना मला चावी दिली. तो गेला, मी लिलावात गेलो आणि तिथून एका कपाटातून दुसऱ्या कपाटात. घड्याळं जमवणारी माणसं विचित्र प्रेमळ असतात. ज्याच्यावर जीव, त्यालाच हात लावत नाहीत.

बाळकुमला मला मयूरने आणलं. त्याच्या आजोबांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, त्यातल्या गाळ्यांचं भाडं येतं. चुलत भावांनी शर्यतीचे बैल घेतले, याने घड्याळं. तीही आमच्याच घराण्याची, मला धरून सात.

त्याची आई गोदाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "टाइम मोबाइलमदे दिसत नाय का रे तुला?"

"आई, हे घड्याळवाल्याकडचं नाय. दागिने घडवणाऱ्यांचं आहे. तुझ्या पाटल्या तसं हे."

हे मात्र गोदाबाईंना मनापासून पटलं. पुढे जे झालं ते या पटण्यामुळेच.

मयूर खडवलीला मुलगी बघायला गेला तेव्हा मी त्याच्या मनगटावर होतो. मोठी माणसं कोणाची आत्या कोणाकडे दिलीय ते शोधत होती. मुलीने, कल्पिताने, एवढंच विचारलं, "किती वाजले?"

मयूरने माझ्याकडे बघितलं. "बंद आहे."

"मग घातलंय कशाला?"

लग्न ठरलं. पण सासरी आल्यावर तिचा आवाज फारसा कोणी ऐकला नाही. विचारलं तर हो, नाही, चालेल. सगळे म्हणायचे, सून गुणाची आहे. गप्प माणसाला लोक किती पटकन गुण चिकटवतात!

एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. सकाळी मयूर गाळ्यांकडे गेला की ती कपाट उघडायची. सातांतून मलाच काढायची, सावकाश चावी द्यायची, कानाला लावायची, हसायची आणि परत जागेवर ठेवायची. कित्येक वर्षांनी मला पुन्हा सकाळ मिळाली होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी डोंबिवलीचा गुरुदत्त आला. दातांचा डॉक्टर, आणि आमच्याच घराण्याचा भक्त. डोळ्याला भिंग लावून त्याने दाढ तपासावी तशी माझी तपासणी केली.

"डायल ओरिजिनल ना रे?"

"मग! कोणी बोट नाय लावलंय भावा."

"दे मला. बदल्यात माझं अंडाकृती घे. पाडव्याला येतो."

कल्पिता चकल्यांची ताटली घेऊन उभी होती. ताटली वाकडी झाली, एक चकली पडली. ती उचलून आत गेली.

धनत्रयोदशीला घरातले दागिने धुवायचे, हा गोदाबाईंचा नेम. परातीत रिठ्याचं फेसाळ पाणी, शेजारी मऊ ब्रश, मऊ धोतराचा तुकडा. पाटल्या झाल्या, हार झाला. मग त्यांनी कपाट उघडलं. माझी भावंडं स्टीलची, सोन्याचा मी एकटा. त्यामुळे हा मान माझा.

"ह्यो पन सोन्याचाच ना? मंग ह्यालाच का मलका ठेवायचा?"

कल्पिता दारात होती. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ओरडेल. तिने तोंड मिटलं.

गोदाबाईंनी मला तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घातलं. खरं सांगतो, इतक्या मायेने मला कोणीच हाताळलं नव्हतं. आणि त्या मायेत माझा श्वास बंद पडला.

पाडव्याला गुरुदत्तने भिंग लावलं. डायलवर चहाच्या रंगाचा डाग, काटे गपगार. "सॉरी यार, आता हे नाय चालणार." फराळ मात्र पोटभर करून गेला.

"आई, काय केलंस हे!"

"दागिना हाय, तूच बोललेलास ना!" गोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा कल्पिता पुढे झाली. "आईंना नको बोलूस. मी तिथेच होते. पाण्याने बिघडणार, माहीत होतं मला. मी बोलले नाही."

"का?"

"तू ते देणार होतास."

"अगं, मग 'नको देऊ' असं बोलायचंस ना!"

"विचारलेलंस मला?"

सातही घड्याळांचे नंबर मयूरला पाठ आहेत. बायकोला त्यातलं कुठलं आवडतं, ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मला टेंभी नाक्याला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या परशुरामकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी मला उघडलं, सुकवलं, तेल दिलं. "चालेल. डाग राहील. डायल नवीन बसवू?"

मयूरने पहिल्यांदाच बायकोकडे वळून विचारलं, "काय करूया?"

"राहू दे डाग," ती म्हणाली.

आता मी तिच्या मनगटावर असतो. दिवसाला चार मिनिटं मागे पडतो, तिची तक्रार नाही. घड्याळं जमवणाऱ्यांनो, तुमच्या कपाटातल्या माझ्या भाईबंदांना अधूनमधून हवा दाखवा. ओरखडा परवडतो, अंधार नाही. आणि घरात कोणी गप्प असेल तर, तिला मान्य आहे, असं धरून चालू नका.

गोदाबाई हल्ली काहीही धुवायच्या आधी हाक मारतात. परवा मिक्सरचा खालचा, मोटरचा भाग हातात घेऊन म्हणाल्या, "कल्पे गो, ह्याला पानी चालतं का?"

"नाही!" कल्पिता आतून एवढ्या जोरात ओरडली की मीसुद्धा दचकलो. गोदाबाईंनी मिक्सर खाली ठेवला आणि मयूरला म्हणाल्या, "बग, हिचा पन आवाज हाय."