काही दाबू नकोस

विक्रांतने घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकलं आणि बाबा दुसऱ्यांदा गेले. तसे बबनराव आदल्या वर्षीच वारले होते, पण आवाज मागे उरला होता. कारखान्यातून आले की स्वतः रचलेली भीमगीतं ते थोरल्या लेकीकडून, मायाकडून, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेत. ती सगळी विंडोजमध्ये, आणि आता विंडोज सुरूच होईना.

"एका घरात दोन चुली मांडायला गेला, पहिलीच विझवली," भागीरथीबाई मायाला म्हणाल्या, आणि त्यांनी लेकाशी अबोला धरला. बुवापाड्यातली ती खोली केवढीशी, त्यात अबोला म्हणजे कहरच.

"ताई, गाणी पुसली नाहीयेत गं," विक्रांत रडवेला झाला होता. "आत जायचा रस्ता हरवलाय. बूट मॅनेजर मिळाला तर मशीन चालू होतानाच विचारेल, कुठे जायचंय."

मायाला त्याचा राग येत होता आणि कीवही. ती त्याला घेऊन उल्हासनगरच्या सायबर कॅफेत गेली. बूट मॅनेजरची फाईल एवढीशी, पण डाउनलोड अर्ध्यावर तुटायचं. उतरली तर फ्लॉपी खराब निघाली.

"फ्री का माल है ना? नखरे तो करेगा," सिंधी शेठ हसला.

"फुकट ते पौष्टिक, शेठ. दुसरी फ्लॉपी द्या," माया म्हणाली.

त्या फ्लॉपीने काम झालं. घरी पडद्यावर दोन ओळी उमटल्या, एक लिनक्सची, एक विंडोजची. विक्रांतने विंडोजचं नाव बदलून 'BABA' केलं, तीच ओळ आपोआप निवडली जाईल आणि मागोमाग गाणं लागेल, अशी सोय केली.

"आई, काही दाबू नकोस. नुसती बसून राहा. येतील ते."

गाण्याआधी बाबा नेहमीसारखे खोकले. भागीरथीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "जेवलास का रे?" त्यांनी विक्रांतला विचारलं.

पुढे तिघं बदलापूरला शिरगावात राहायला गेले. कॉम्प्युटर भंगारात गेला, गाणी मायाच्या मोबाईलमध्ये आली. तिने तो आईसमोर ठेवला. आई हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"आई, याला दाबावं लागतं गं."

"थांब जरा. येतील ते."

माया थांबली. आईने डोळे मिटल्यावर तिने हळूच बटण दाबलं.

बाबा खोकले.

"बघ," आई म्हणाली.