आपल्या हातचा शिक्का

"जरा मोठ्यानं बोला बाई, पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही," मतदान केंद्रावरचा अधिकारी म्हणाला.

आक्का टेबलाची कड धरून उभ्या होत्या. मागं रांग होती. चपला सरकल्याचे, कुणी घसा खाकरल्याचे आवाज अगदी पाठीशी येत होते. मतदाराला दिसत नसेल तर अधिकाऱ्यानं त्याला विचारायचं आणि त्याच्या वतीनं शिक्का मारायचा, असा नगरपालिका निवडणुकीसाठी राज्याचा कायदाच होता. आक्कांनी नाव पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.

"कोण, त्या शिक्षिका उभ्या आहेत त्या?" अधिकाऱ्यानं खात्री करून घेतली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सगळी खोली ऐकत होती.

आक्का वेताच्या खुर्च्या विणायच्या. निम्म्याहून जास्त काम एका फर्निचरच्या दुकानातून यायचं, आणि दुकानदाराचा मेव्हणा त्याच निवडणुकीला उभा होता. निकालानंतर दुकानाचा टेम्पो दारात आला आणि विणायला टाकलेल्या खुर्च्या अर्धवट होत्या तशा उचलून घेऊन गेला. भांडण नाही, शब्द नाही. अंगण एकदम मोकळं झालं.

"पुढच्या वेळी जाऊच नकोस मतदानाला," भाऊ म्हणाला. "कशाला नसता ताप डोक्याला?"

आक्का अंगणात उरलेले वेताचे तुकडे गोळा करत राहिल्या. बोलली ती भावजय. एरवी दारात परका माणूस दिसला की आत पळणारी बाई ती.

"का नाही जायचं? वन्सं एवढी बारीक वीण घालतात, त्यांना एक शिक्का मारता येणार नाही?"

आक्कांना पुढं कितीदा तरी वाटे, त्या दिवशी ती बोलली नसती तर आपण गप्पच बसलो असतो.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे काका छापखाना चालवायचे. दोघी त्यांच्याकडे गेल्या. आक्कांनी हातानं माप दाखवून सांगितलं, "मतपत्रिका आत सरकेल असं पुठ्ठ्याचं पाकीट हवं. प्रत्येक उमेदवारासमोर एक खिडकी. आणि खिडकीशेजारी बोटाला लागतील असे ठिपके. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे."

"एवढंच ना? बसा," काका म्हणाले.

पहिल्या पाकिटात शिक्का भलतीकडे घसरला. दुसऱ्याच्या खिडक्या फार मोठ्या झाल्या. काका पुठ्ठे फाडत राहिले, शिव्या घालत राहिले, पण त्यांनी काम सोडलं नाही.

मग सह्यांसाठी दारोदार फिरणं सुरू झालं. न्हाव्याचं दुकान, लाँड्री, दवाखान्याबाहेरची बाकं. कायदा बदला, असा अर्ज भावजय वाचून दाखवायची, आक्का पाकीट पुढं करायच्या. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी पाणी दिलं. एका आजोबांनी चष्मा सावरत विचारलं, "तुम्हाला दिसतच नाही, मग उमेदवार पसंत कसा पडतो?"

"तुम्हाला काय दिसायला आवडतो म्हणून पसंत पडतो?" आक्का म्हणाल्या.

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी स्वतः सही केली आणि अख्ख्या जिन्यावरच्या बिऱ्हाडांना हाका मारून बाहेर काढलं.

सह्यांचा गठ्ठा घेऊन दोघी आमदारांकडे गेल्या. त्यांनी विधेयक मांडलं खरं, पण हिवाळी अधिवेशनात त्याची पाळीच आली नाही. त्याच थंडीत छापखान्याचे काका गेले. त्यांची मुलगी एक पाकीट घेऊन आली. "बाबांनी शेवटी केलेलं," ती म्हणाली. आक्कांनी त्यावरून बोटं फिरवली. चारही कोपरे पॉलिश पेपरनं घासून गोल केले होते, बोटांना टोचू नयेत म्हणून.

पुढच्या वर्षी विधानसभेच्या समितीपुढं बोलावणं आलं. अध्यक्ष सभ्य माणूस होता. "बाई, अधिकाऱ्यानं शपथ घेतलेली असते," तो म्हणाला. "त्याच्यावर भरवसा ठेवायला काय हरकत आहे?"

पाठ केलेलं सगळं आक्कांच्या तोंडातल्या तोंडात राहिलं. तेवढ्यात मागची खुर्ची करकरली.

"साहेब, मागच्या खेपेला तुम्ही कुणाला मत दिलंत?" आवाज भावजयीचा होता.

"मलाच की!" अध्यक्ष म्हणाला. सगळे हसले.

"आणि तुमच्या मिसेसनी?"

"ते मी कसं सांगणार? त्यांचं मत त्यांच्यापाशी."

"मग आमच्या वन्संचंच तेवढं सगळ्यांना का सांगायचं?"

बाहेर आल्यावर भावजय जिन्यातच मटकन बसली. "वन्सं, एवढ्या लोकांपुढं मीच बोलले ना हो?" आक्कांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले.

कायदा मंजूर झाला. बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. ज्यांनी ज्यांनी सही केली होती, त्यांच्या दारी आक्का पुन्हा गेल्या. "आभार मानायला आलेय," एवढंच म्हणत. काहींना तर सही केल्याचं आठवतही नव्हतं. न्हाव्यानं मात्र दुकानातली फाटक्या बैठकीची खुर्ची पुढं ओढली. "बरी आलात. ही विणून द्या, आणि माझ्या साडूच्या हॉटेलातल्याही आहेत."

निवडणूक आली. भावजयीनं आक्कांना मतदानाच्या खोलीत नेलं आणि पुठ्ठ्याच्या आडोशापाशी त्यांचा कोपर सोडला. सरकारी पाकीट प्लास्टिकचं होतं. अधिकाऱ्यानं उमेदवारांची नावं क्रमानं वाचून दाखवली, मतपत्रिका आत सरकवून ते आक्कांच्या हातात दिलं, शिक्का दिला, आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

आक्का ठिपके मोजत होत्या. एकदा वरून खाली, मग पुन्हा पहिल्यापासून. घाई कसली? रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"काय चाललंय काय आत?" एक जण वैतागून म्हणाला.

"थांबा जरा," अधिकारी म्हणाला. "त्या मत देतायत."

आडोशाबाहेर उभ्या भावजयीला आतलं काहीच दिसत नव्हतं. तरी तिनं पाठ फिरवली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.