काटा हलतोय

"आवो, पुढं बघा जरा," आसराबाई म्हणाली. "म्हैस आडवी आली तं ती काय त्या काट्यात दिसणार हाय का?"

रायभाननं मान वर केली. पुढं रस्ता मोकळाच होता. तरी दोन श्वास झाले न झाले, की त्याचे डोळे पुन्हा डॅशबोर्डवर आले. नवेकोरे तीन काट्याचे मीटर तिथं चमकत होते. एक इंजिनातल्या पाण्याची गरमी सांगणारा, दुसरा ऑइलचा दाब सांगणारा, तिसरा बॅटरीचा. आठवड्यापूर्वीपर्यंत त्या जागी हरभऱ्याएवढे तीन लाल दिवे होते. पिकअप त्याच्या वडिलांची, निळी, गोल डोळ्यांची. पंचक्रोशीतल्या सप्त्यांना कितीतरी कीर्तनकार तिच्यातून गेले आले. म्हातारा दर खंडेनवमीला त्या दिव्यांना कुंकू लावायचा. ते बंद असले की सारं आलबेल, असं घरात सगळेच धरून चालायचे.

पण बंद दिवा काही बोलत नाही, हे मागच्या साली कळलं. त्या दिवशी त्याच्या लेकीचं, अंजूचं, पहिलंवहिलं काल्याचं कीर्तन होतं, राजूरच्या सप्त्यात. मंठ्याच्या पुढं आले अन् लाल दिवा पेटला. रायभाननं ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत इंजिन जाम. लेक बाभळीखाली नऊवारी सावरून बसली, वीणा मांडीवर, अन् फोनवर ऐकलं की तिच्या जागी दुसऱ्याला उभं केलं. रडली नाही पोरगी. रायभानला ते रडण्यापेक्षा जड गेलं. पुढं कुठून सप्त्याचं बोलावणं यायचं झालं, की लोक म्हणायचे, "चांगली बोलती, पर पोचत न्हाई."

तरी देवाच्या मनात काही वेगळं होतं. औंदा राजूरकरांनी पुन्हा काल्याच्या कीर्तनाचा नारळ तिच्या हाती दिला. आता हा नारळ वाया गेला, तर तिसरा कोण देणार होतं?

म्हणून रायभाननं इंजिन नव्यानं बांधून घेतलं अन् जुन्या जालन्यातल्या संपत मिस्त्रीकडून दिवे काढून काट्याचे मीटर बसवले. दिवे आसराबाईनं फेकू दिले नाहीत, देव्हाऱ्यात ठेवले. नव्या मीटरच्या काचांवर हळदकुंकू लावायला निघाली, तेव्हा संपतच ओरडला होता, "वहिनी, काचेवर नका लावू! मंग काटा दिसायचा कसा?"

संपतनं त्याला नीट समजावलं होतं. "हे बघा रायभानभाऊ, पाणी काही उडी मारून तापत न्हाई. चुलीवरचं आधण येतं तसा हा काटा हळूहळू चढंल. चढताना दिसला की गाडी थांबवा, बस. अन् गाडी उभी असताना ऑइलचा काटा खाली येतो, तेव्हा जीव घाबरा करून घ्यायचा न्हाई."

"किती खाली?"

"येतो थोडा."

"थोडा म्हंजे?"

"भाऊ, तुम्ही दिवेच ठिवायला पायजे होते," संपत हसला होता.

आता ते रायभानलाही पटत चाललं होतं. दिवा निदान गप्प तरी राहायचा. हे काटे म्हणजे पाळण्यातली लेकरं. खड्डा आला, हलले. गियर बदलला, हलले. जालन्यात गोरक्षनाथला घ्यायला गाडी उभी केली, तर ऑइलचा काटा घसरला अन् रायभान त्याच्यावर वाकून बसला. गोरक्षनाथ अंजूचा मृदंगी. मृदंग, अँप्लिफायर अन् कर्णा घेऊन तो मागं हौद्यात बसला. केबिनच्या मागच्या खिडकीतून त्याचं तोंड सारखं आत यायचं.

"काय म्हणतेत काटे?"

"हालून राह्यलेत."

"मंग बराबर हाय. न हलणारा मृदंगीबी मेलेलाच असतो!"

अंजू हसली. रायभान हसला नाही. आदल्या दिवशीच राजूरला जाऊन राहू, असं गोरक्षनाथ म्हणाला होता. पण मग रात्रभर घरच्या मेंढ्या कुणाच्या भरवशावर सोडायच्या? भाड्याची गाडी बघा, असं अंजू म्हणाली होती. तेव्हा मात्र रायभान हट्टाला पेटला होता. "ज्या गाडीनं तुला अर्ध्यात सोडलं, त्याच गाडीनं तुला नेईन." आता बोलून बसला होता.

राजूरच्या अलीकडं चढ लागला. पिकअप घुमत निघाली. पुढं रेडिएटरच्या जाळीला बांधलेली भगवी पताका फडफडत होती. अन् एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली, तसा गरमीचा काटा टणकन उठला अन् लाल पट्टीच्या पार शेवटाला जाऊन चिकटला.

रायभाननं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. बाहेर नुसता पताकेचा आवाज.

तेवढ्यात अंजूचा फोन वाजला. सप्त्याच्या कमिटीतला हरिओम होता. तिनं स्पीकर लावला.

"ताई, कुठवर आलात? भजन सुरू करून दिलंय आम्ही. नसंल जमत तर तसं सांगा जल्दी. दुसरे महाराज बसलेले आहेत इथं."

अंजूनं बापाकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, अन् म्हणूनच त्याला ती सहन होईना.

"येऊन राह्यलो, भाऊ," ती म्हणाली अन् फोन ठेवला.

"काय येऊन राह्यलो?" रायभानचा आवाज चिरकला. "इंजिन पुन्हा गेलं तं? ह्या बारीला कायमचं जाईल!"

तो खाली उतरला, बॉनेट उघडलं. वाफ नव्हती. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. आसराबाई मागून आली. मेंढीच्या कानाला हात लावून ताप ओळखणारी बाई ती. तिनं तळहात इंजिनाच्या वर धरला, मग बॉनेटवर टेकवला.

"रोजच्यावानीच गरम हाय. ताप न्हाई हिला."

"तुझ्या हातापरीस काटा खरा!"

"आबा," अंजू केबिनमधूनच म्हणाली, "काटा चढला का हळूहळू? मी बघत होते. चढला न्हाई, उडाला. संपतभाऊ काय म्हणले होते?"

रायभान थांबला. पाणी उडी मारून तापत नाही. मग उडी मारली कुणी? वाकून तो गरमीच्या मीटरची वायर बोटानं चाचपत चालला. जाळीपाशी आल्यावर बोट अडलं.

पताकेची कळकाची काठी. पहाटे त्यानंच ती बांधली होती, बाइंडिंग तारेनं, पक्कडीनं पीळ देऊन. देवाच्या दारी झेंडा ढिला जायला नको म्हणून एक पीळ जास्तीचा. त्या पिळात नवी वायर दाबली गेली होती. खड्ड्यात तारेनं तिचं प्लॅस्टिक कापलं, आतलं तांबं उघडं पडून गाडीच्या लोखंडाला टेकलं, अन् काटा बोंबलत उठला.

"म्हंजे?" आसराबाईनं विचारलं.

"म्हंजे माझीच भक्ती जास्त झाली," रायभान म्हणाला. मागं गोरक्षनाथला हसू आवरेना. तसाच हसत त्यानं मृदंगाच्या पिशवीला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडून पुढं केली. रायभाननं पीळ उलगडला, वायर सोडवली, उघड्या तांब्यावर ती पट्टी घट्ट गुंडाळली. पताका अंजूनं खिडकीतून हातात धरली.

चावी फिरवताना त्यानं डोळे मिटले होते.

"उघडा," आसराबाई म्हणाली.

काटा निम्म्यावर होता. थरथरत, पण निम्म्यावर. चढ संपेपर्यंत रायभाननं एकदाही श्वास पुरता सोडला नाही.

ते पोचले तेव्हा टाळकरी तेच भजन तिसऱ्यांदा आळवत होते. दुसरे महाराज उपरणं नीट करून उठायच्या बेतात होते. अंजूला बघून हसून पुन्हा बसले. ती गळ्यात वीणा घालून उभी राहिली, अन् नमन होतं न होतं तोच लाइट गेली. मंडपात गलका झाला. गोरक्षनाथनं रायभानला नुसती मान हलवून खूण केली. पिकअप मंडपाला लावली गेली, अँप्लिफायरच्या वायरी तिच्या बॅटरीला जोडल्या गेल्या, इंजिन चालू राहिलं. अन् लेकीचं कीर्तन ऐकायला इतक्या लांबून आलेला बाप केबिनमध्येच अडकला.

समोर ताडपत्री होती. अंजू दिसत नव्हती. कर्ण्यातून तिचा आवाज येत होता, आधी जरा दबलेला, मग मोकळा. कृष्ण सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो, तिथं ती आली. ऑइलचा काटा खाली आला. रायभानचा हात चावीकडं गेला. संपत म्हणाला होता, येतो थोडा. थोडा म्हणजे किती? चावी फिरवली तर आवाज बंद पडणार होता. त्यानं हात मागं घेऊन मांडीखाली दाबला.

मग त्याचं लक्ष बॅटरीच्या काट्याकडं गेलं. मृदंगावर थाप पडली की तो किंचित झुकत होता. अंजूनं सूर वर नेला की झुकत होता, समेवर आली की सरळ होत होता. त्या काचेत त्याची पोरगी उभी होती. विठ्ठलनामाचा गजर उसळला तसा काटा नाचायला लागला. रायभानचा हात मांडीखालून कधी सुटला अन् स्टिअरिंगवर ताल धरायला लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

हंडी फुटली. दहीलाह्यांचा द्रोण घेऊन आसराबाई गाडीपाशी आली. पदरावर लाह्या सांडलेल्या, डोळे ओले.

"ऐकलं का पोरीला?"

"ऐकलंबी, अन् पाह्यलंबी."

"इथून? काय दिसलं तुम्हाला, दगड?"

ऑइलचा काटा अजून खालीच होता. रायभाननं त्याच्याकडं एकदा बघून घेतलं अन् द्रोण तोंडाला लावला.