वस्तीची झूल

घोडीची झूल धुणं हे नाजूक नाकाच्या माणसाचं काम नव्हे. डाळज गावाच्या मागं, उजनीच्या पाण्याकाठी शहाजादी सकाळीच बसली होती आणि समोर लाल मखमली झूल पसरली होती. आधी खराऱ्यानं केस खरडायचे, मग रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवायची. पिळायची मात्र नाही, जरीची तार तुटते. खालच्या अंगाला घोडीच्या घामाचा आंबूस वास आणि वरच्या अंगाला वऱ्हाडी मंडळींचा प्रसाद: गुटख्याच्या पिचकाऱ्या, सांडलेली दारू, वाळून कडक झालेला स्प्रेच्या डब्यातला फेस. शी! घोडीची घाण परवडली. ती निदान नाचता नाचता थुंकत नाही.

शहाजादीचा नवरा अकबर लग्नांना घोडी द्यायचा. त्याच्या बापाच्या काळापासून घरात दोन झुली होत्या. ही लाल, मोठ्या घरांसाठी. दुसरी पिवळी, विटलेली, ती बौद्ध वस्तीतल्या लग्नांसाठी. घोडी एकच, झूल मात्र वेगळी. असं का, हे कुणी विचारत नव्हतं. "पद्धत हाय," एवढंच अकबर म्हणायचा.

काल शेजारच्या गावात वस्तीतल्या युवराजची वरात होती. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या गावांना सुटल्यासारखं वाटेल. पिवळी झूल पार फाटली होती, म्हणून शहाजादीनं लालच घालून दिली. युवराजची आई गोजरबाई त्या मखमलीवरून कितीतरी वेळ हात फिरवत होती.

वरातीचा व्हिडिओ गावभर फिरला. त्याच गावचे बडे बागायतदार रामहरी तात्या. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचं, अविराजचं लग्न होतं आणि घोडी अकबरचीच ठरली होती. तात्यांची जीप थेट पाण्यापाशी येऊन थांबली.

"अकबर, हीच झूल काल वस्तीत गेलती न्हवं?"

अकबर घोडीला पाणी पाजत होता. "व्हय तात्या. चुकलं. धुतोय की आता."

"नुसती धुऊन कसं भागंल?" तात्यांनी बाटली काढून त्याच्या हातात दिली. "गोमूत्र हाय, शिंपड. आन परवा आमच्या दारात, पाव्हण्यांसमोर पुन्यांदा धू. लोकांना दिसाया पायजे."

शहाजादी उठून उभी राहिली. "आन घोडीचं काय वो तात्या? तिच्या पाठीवर बी शिंपडायचं का?"

"जनावराला इटाळ नसतो."

बघा, काय न्याय आहे! झुलीखालचं जनावर चोख, आणि झुलीवर बसलेला, अंघोळ करून, नवे कपडे घालून लग्नाला निघालेला तरणाताठा पोरगा तेवढा घाण! इतकी वर्षं झुली धुतल्या, पण इतकी किळस शहाजादीला कधी आली नव्हती.

"तात्या, तुमच्या पुतण्याच्या वरातीत नवरदेव ह्याच झुलीवर ओकला हुता. ते मी ह्या हातांनी काढलं. तवा कुणी गोमूत्र आणलं न्हाय. काल वस्तीतली पोरं बी गुटखा थुकली, त्ये बी काढतीय. मळ कुणाचा बी असूद्या, धुईन. पर युवराज बसला म्हणून धुणार न्हाय."

"अकबर, बायकूला आवर! न्हायतर आमच्या गावात एक वरात मिळायची न्हाय तुला."

अकबरच्या हातात बाटली तशीच होती. वराती गेल्या तर घोडी विकावी लागेल, हे त्याला ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "ऐक की. दोन थेंब शिंपडून आपलं काय जातंय?"

"तात्यांच्या बंगल्यावर तुमचा च्याचा कप कुठं असतो?" शहाजादीनं विचारलं.

बाहेरच्या कठड्यावर, पालथा, अकबरच्या एकट्यासाठी ठेवलेला कप. हे त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं.

"मला समदं म्हाईत हाय," ती म्हणाली.

त्यानं बाटली जीपच्या बॉनेटवर ठेवली. "तात्या, अविराजला दुसरी घोडी बघा."

तात्या शिव्या हासडत गेले. अविराज मोटारीतून मिरवला. त्या गावच्या ठरलेल्या सुपाऱ्या एकेक करून मोडल्या आणि घोडी दावणीला उभी राहिली. शहाजादीनं पिवळी झूल पेटवून दिली. तरी अकबरच्या मनातली बोच जाईना. शेवटी तो गोजरबाईच्या दारात गेला.

"मावशी, एक सांगायचं हुतं. तुमच्या वस्तीसाठी आमी आजवर येगळी झूल..."

"म्हाईत हाय की बाबा," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "माझ्या लग्नातबी तीच आलती. तुझ्या बापानं आणलेली."

"मग कदी बोलला कसं न्हाय?"

"बोललो असतो, तर घोडी आली असती व्हय रं?"

अकबरला तिच्याकडं बघवेना.

"न्हाय मावशी," तो म्हणाला. "आमीच आणली नसती."