हवेची पाळी

आमच्या ह्यांनी उभ्या केलेल्या शाळेला जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या आहेत आणि त्यातली एकही उघडत नाही. उद्घाटनाच्या दिवशी सासूबाईंनी दोन-तीन काचांवरून हात फिरवून कडी शोधली. सापडली नाही तेव्हा मुलाला विचारलं, "अरे, ही खिडकी उघडायची कुठून?" हे हसले आणि आईला समजावू लागले, की उघडी खिडकी म्हणजे बाहेरची धूळ, बाहेरचा गोंगाट आणि वाया गेलेली वीज. आता छतावर एक मशीन आहे, ते हवा गाळून, हवी तेवढी थंड करून प्रत्येक वर्गात सोडतं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग भिंतच बांधायची की. पुसायला तरी लागली नसती."

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते, म्हणून घरी स्वतःचं बंद ठेवते, असं मी सगळ्यांना सांगते. ह्यांचं मत वेगळं आहे. पण त्या दिवशी मी खरंच काही बोलले नाही. हा माणूस त्या इमारतीपायी ताटावरून उठून नकाशावर जाऊन बसायचा. मुलांचं डोकं जड होऊ नये, डोळ्यांवर ताण येऊ नये, फळा शेवटच्या बाकावरूनही दिसावा, म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. मला कौतुक होतं, उगाच कशाला नाही म्हणू? शिवाय आमची मुलगी त्याच शाळेत तिसरीत जाणार होती. एका जागी घटकाभर बसत नाही म्हणून आजीने तिचं नाव भिंगरी ठेवलंय, आणि आता खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलंय.

प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी एक डबी बसवलेली. वर्गातली हवा ताजी असली की डबीवरचा चेहरा हिरवा आणि हसरा. कोंदटली की पिवळा, आणखी कोंदटली की लाल आणि रडका. विजेचीही अशीच एक डबी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत. सगळ्या डब्यांचा हिशेब ह्यांच्या फोनवर येई. लोक सकाळी उठून बातम्या बघतात, हे वर्गावर्गाची हवा बघत. "बघ, सगळे हिरवे," असं म्हणत फोन माझ्या नाकासमोर धरत. चहात साखर किती घातली हे त्यांना कळत नसे, पण तिसरीची हवा काल दुपारी कशी होती ते तोंडपाठ.

वर्ष सरत आलं तेव्हा तिसरीच्या बाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं. हे बक्षिसाच्या मागे होते. 'शिकण्याला पोषक अशी आरोग्यदायी इमारत' असं काहीतरी लांबलचक नाव होतं त्या बक्षिसाचं. त्यामुळे मी एकटीच गेले.

"गणित फार कच्चं आहे हो तिचं," बाई म्हणाल्या. "भागाकाराचा तर गंधच नाही. पुन्हा तिसरीतच बसवावं असं आम्हाला वाटतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला कशाला, थेट जिव्हारी लागलं. जी पोर घरी एका केकचे आजी, बाबा, आई असे तुकडे करून मोठा स्वतःकडे ठेवते, तिला भागाकार येत नाही? संध्याकाळी तिला घेऊन बसले. खरंच येत नव्हता. तिने ते चिन्ह असं बघितलं, की जणू पहिल्यांदाच गाठ पडत होती.

"बाईंनी हे शिकवलं तेव्हा तू काय करत होतीस?"

"तेव्हा मी हवेला होते."

"हवेला म्हणजे?"

"डबी पिवळी व्हायला लागली की आम्ही बाहेर जातो," भिंगरी म्हणाली. "वर्गांच्या मागे तो छताचा बोळ आहे ना, तिथे बसतो. आम्ही गेलो की ती परत हिरवी होते." हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, की जणू तो रंग तीच जाऊन लावते.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, जाड्या, ती तोतरी आहे ना ती, आणि मागच्या बाकावरचे दोघं."

"रोज तुम्हीच?"

"मग काय. हुशार मुलांना पाठवलं तर त्यांचा अभ्यास बुडेल ना, आई."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून मी मुख्याध्यापिकाबाईंच्या समोर जाऊन बसले. मला वाटलं होतं, बाई कानांवर हात ठेवतील. त्यांनी उलट मला पाणी दिलं आणि एखादी पाककृती सांगावी तसं सगळं सांगितलं.

"असं आहे, छतावरचं मशीन लावलं की वीज खूप जाते. मग माझ्या खोलीतली डबी लाल होते. बक्षिसाला वीजही बघतात ना."

"म्हणून मशीन बंद ठेवता?"

"अगदी बंद असं नाही. पाहुणे आले की लावतो."

"आणि खिडक्या उघडत नाहीत."

"त्या तुमच्या मिस्टरांनीच तशा केल्यात," बाई गोड हसून म्हणाल्या. "मग वर्गातली हवा लाल व्हायला लागली. आता वर्गात माणसं कमी असली की हवा चांगली राहते, हे तर शास्त्रच आहे. म्हणून आम्ही हवेची पाळी सुरू केली."

"पाळी असती तर सगळ्यांवर आली असती."

"ज्यांचं फारसं नुकसान होत नाही अशांनाच पाठवतो हो. वर्गात बसूनही ज्यांच्या डोक्यात काही शिरत नाही, त्यांनी तिथली हवा तरी का वापरावी?"

मी गेली कित्येक वर्षं लोकांचे दात उपटते आहे, पण एखाद्याचा बिनाइंजेक्शनचा उपटावासा वाटण्याची ती पहिली वेळ. ज्याला येत नाही त्याला बाहेर काढायचं, बाहेर काढलं म्हणून त्याला येत नाही, आणि येत नाही म्हणून पुन्हा त्यालाच बाहेर काढायचं. घाण्याच्या बैलालासुद्धा असं फिरवत नाहीत. मी तसं स्पष्ट सांगितलं. बाई म्हणाल्या, बक्षिसाचं पार पडू दे, मग बघू.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी फोन काढला.

"हे बघ. सगळे हिरवे."

"अहो, मुलं बाहेर काढतात म्हणून हिरवे आहेत ते."

"काहीतरीच. इतक्या मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका असा वेडेपणा करेल? भिंगरी काहीही रचून सांगते, तुला माहीत नाही का?"

"बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला."

"तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय गरज?" मग म्हणाले, "आणि पोरीचं गणित कच्चं असेल तर शिकवणी लावू. त्यात इमारतीला कशाला ओढतेस?"

त्या वाक्याने मला रडू आलं. पोटच्या पोरीपेक्षा भिंतीची बाजू घेणारा बाप मी रोज एका ताटाशी बसून बघत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, त्याला लहानपणी घोडा दिला होता लाकडी. तेव्हाही तो मोडला की आधी आमचंच चुकायचं."

बक्षिसाचे परीक्षक आले त्या दिवशी शाळेने कात टाकली होती. मशीन सकाळपासून घरघरत होतं. आम्हा चार-पाच जणांना 'समाधानी पालक' म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. मी तर आर्किटेक्टची बायको, त्यामुळे माझं समाधान सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. परीक्षकांच्या अध्यक्षीणबाई भारी चपला घालून आल्या होत्या आणि दिसेल त्या भिंतीवर बोटाने टकटक करून बघत होत्या. वर्गात निम्मी बाकं रिकामी. त्यांनी विचारलं तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आम्ही गर्दी करतच नाही." प्रत्येक डबी अशी हिरवीगार हसत होती की तिचा मला राग यायला लागला.

आता गंमत अशी, की मशीन चालू असूनही एखादी डबी पिवळी पडायला नको म्हणून उरलेली मुलं बाईंनी मागच्या बोळात बसवून ठेवली होती. पाहुण्यांना दाखवायच्या वाटेत तो बोळ नव्हता. पण त्या बोळाच्या छतातून उजेड खाली येतो, आणि तो उजेड म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. त्यासाठी ठेकेदाराशी ह्यांचं बोलणं बंद झालं होतं. तो न दाखवता पाहुणे परत जाणार, हे ह्यांना कसं सहन व्हावं? "एक मिनिट, इकडून या," असं म्हणून हे पुढे झाले. बाई मागून "अहो, तिकडे नको, तिकडे ओलं आहे" म्हणत राहिल्या, तोवर ह्यांनी दार ढकललंसुद्धा.

उजेड खरोखर सुंदर पडला होता, आणि त्याच्याखाली भिंतीला पाठ लावून ओळीने मुलं बसली होती. दप्तरं मांडीवर, तोंडावर बोट. मधोमध आमची भिंगरी, जी घरी जेवतानाही स्थिर बसत नाही. उजेड दाखवायला ह्यांनी वर केलेला हात तसाच राहिला.

"ही मुलं इथे काय करतायत?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मुख्याध्यापिकाबाई काही जुळवायच्या आत भिंगरी उभी राहिली. पाहुण्यांशी बोलताना उभं राहायचं, हे तिला मीच शिकवलेलं. "आम्ही हवेला आहोत," ती म्हणाली. "आम्ही बाहेर बसलो की वर्गाची हवा चांगली राहते."

अध्यक्षीणबाईंचे डोळे भरून आले. "किती गोड," त्या म्हणाल्या. "म्हणजे हवा सांभाळण्यात मुलांचाही वाटा आहे. इतक्या लहान वयात ही जाण." बरोबरच्या परीक्षकाने मान डोलावत फोटो काढला. मुख्याध्यापिकाबाईंनी क्षणभरात स्वतःला सावरलं आणि म्हणाल्या, "आमचा उपक्रमच आहे तो." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडे बघत होते.

ह्यांनी फोन बाहेर काढला, बघितला आणि परत खिशात टाकला. मग भिंगरीजवळ जाऊन वाकले. "चल बेटा. वर्गात जाऊन बस."

"नको."

"चल ना. आज मशीन चालू आहे. काही होत नाही."

"नको बाबा," भिंगरी मागे सरत म्हणाली. "मी आत गेले की सगळ्यांची हवा खराब होते. मग बाईंना बक्षीस नाही मिळणार. तुम्हालाही नाही मिळणार."

ह्यांचं तोंड कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं होतं. परीक्षक पुढच्या दाराकडे वळले होते, बाई हाताने ह्यांना लवकर चला म्हणून खुणावत होत्या. हे उठलेच नाहीत. नवाकोरा कोट घातलेला तो माणूस त्या थंड फरशीवर, भिंगरी आणि जाड्याच्या मध्ये, मांडी घालून बसला.

"अहो, पाहुणे खोळंबलेत," बाई म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे," हे म्हणाले. आवाज चिरकत होता, पण अध्यक्षीणबाईंना ऐकू जाईल इतका मोठा होता. "त्यांना सांगा, मशीन एरवी बंद असतं. आणि खिडक्या उघडत नाहीत. त्या मी तशा केल्यात."

टकटक करणारं बोट थांबलं. बाईंच्या चेहऱ्याचा रंग सांगायला डबीची गरज नव्हती. भिंगरीला मात्र त्यातलं काही कळलं नव्हतं. ती बाबांकडे बराच वेळ बघत होती. या ओळीत कोणाला बसवतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "तुमचंही गणित कच्चं आहे?"

"हो," हे म्हणाले. "फारच."

भिंगरीने दप्तर उचललं आणि थोडं सरकून त्यांना नीट जागा करून दिली.