कोणती छावणी?

आमच्या इंदूरच्या घरात छावणी म्हणजे महू. यावर कधी वादच नव्हता. सासऱ्यांचे वडील महूला पलटणीत होते, तेव्हापासून "छावणीत जाऊन येतो" म्हटलं की माणूस महूची गाडी पकडणार हे ठरलेलं. म्हणून माझ्या लेकीने, संबोधीने, घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "मम्मी, छावणी म्हणजे कोणती?" तेव्हा मी म्हटलं, "डोकं नको खाऊ. पोळ्या लाट."

पण पोरगी माझीच, ऐकते कशाला! तिच्या कॉलेजच्या मॅडमने सांगून ठेवलेलं, एका जागेचं एकच नाव लिहायचं आणि ते पूर्ण लिहायचं. गाव, तहसील, जिल्हा. आता आमच्याकडे असं कोण बोलतं? सासूबाईंना विचारलं, "आजी, पप्पांचा जन्म कुठला?" तर म्हणाल्या, "किसनचा? मिलवरचा." "आणि आत्याचा?" "तो पण मिलवरचा." "अहो आजी, इंदूरला मिली किती होत्या!" "असतील बापा. मिल म्हणजे आपली मिल."

आपली मिल! बंद होऊन दोन वर्षं झाली होती. संबोधीचे पप्पा तिथे कापड विणायच्या साच्यावर होते, ते आता सांवेर रोडच्या एका गोदामात चौकीदारी करत होते. चाळ अर्धी रिकामी झालेली. खरं सांगते, मला फार आठवण यायची. उन्हाळ्यात गल्लीभर खाटा पडायच्या, कुणाचं पोर कुणाच्या खाटेवर झोपलंय याचा पत्ता नसायचा, आणि पगाराच्या दिवशी गेटसमोर गरम कचोरीसाठी ही झुंबड! आता त्या गेटसमोर कुत्रीसुद्धा बसत नव्हती. माणसं निघून गेली आणि शेजार तुटला, याचा मला राग होता.

सासूबाईंना मात्र मिलचं दुःख नव्हतं. त्यांचं एकच मागणं होतं, सगुणा. त्यांची धाकटी बहीण. वऱ्हाडातल्या खेड्यात दोघी आईविना मामाकडे वाढल्या. सासूबाई लग्न होऊन इंदूरला आल्या. काही वर्षांनी मामाने गाववाल्याच्या तोंडी निरोप धाडला, "सगुणीला छावणीत दिली." पाठोपाठ मामा वारले. बस, एवढाच धागा. संबोधीच्या पप्पांनी महूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जयंतीला महूला जायचो तेव्हा सासूबाई त्या तोबा गर्दीत म्हाताऱ्या बायकांची तोंडं बघत फिरायच्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणायच्या, "दिसतंय तोवर दाखवा रे. नंतर काय, हात लावून ओळखू?"

एका रविवारी संबोधी पुन्हा आली. "पप्पा कुठे गेले?"

"मंडीत. गहू आणायला."

"मंडी म्हणजे? पूर्ण नाव सांग ना."

माझं टाळकं सरकलं. "अगं बाई, छावनीची अनाज मंडी! दुसरी कोणती? आता गव्हाचा पण इतिहास लिहिते का?"

बोलले, आणि लाटणं हातातच राहिलं.

छावनी. इंदूरातलाच मोहल्ला. हिंदीत बोलताना आम्ही त्याला छावनी म्हणायचो, तेही कधीतरी. घरात नुसतं 'मंडी'. आणि मराठीत छावणी म्हटलं की महू. एका 'न'चा आणि एका 'ण'चा फरक, पण इतक्या वर्षांत दोन्ही शब्द एकत्र ठेवून बघायची अक्कल एकालाही झाली नाही. संबोधी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आतून सासूबाई ओरडल्या, "काय जळतंय गं?" पोळी जळत होती.

मी गॅस बंद केला. "आई, लुगडं बदला. आपल्याला जायचंय."

टेम्पोत नीट बूड टेकतंय तोवर छावनी आली पण. मंडीमागच्या वस्तीत पिठाची चक्की होती. संबोधीने विचारलं, "भिया, इधर कोई सगुणाबाई रहती हैं? महाराष्ट्र की?" चक्कीवाल्याने पिठाचा हात झटकून समोरचं दार दाखवलं. "अम्मा? वो रहीं."

उंबऱ्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. सासूबाई अगदी जवळ गेल्या, नाकाला नाक लागेल इतक्या. "सगुणी?"

म्हातारीच्या हातातलं सूप कलंडलं. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. पण ती उठली ती कडाडलीच, "कांते! कुठं मेली होतीस गं इतके दिवस? मी मिलवर मिलवर शोधलं तुला! मामा म्हणाला, कांतीला मिलवर दिली. कोणती मिल, ते मेल्यानं सांगितलंच नाही! सुट्टीच्या टायमाला गेटावर उभी राहायची, माणसं विचारायची, बाई कोण पाहिजे? तुझ्या लग्नात मी एवढीशी पोर, तुझ्या नवऱ्याचं नाव तरी कुठं ठाऊक होतं मला! मग मिलीच बंद पडल्या. कुणाला विचारणार?"

"मी महूला शोधत होते," सासूबाई म्हणाल्या.

"महूला कशाला? मी तर इथंच होते! पहाटे भोंगा व्हायचा, त्याच्यावर मी चूल पेटवायची. सगळ्या मिलींचे भोंगे यायचे इथपर्यंत. म्हणायची, यातल्या एकावर कांती पण उठली असेल."

सासूबाईंचा बांध फुटला तो तिथे. भर रस्त्यात, लहान पोरीसारख्या रडल्या. मीही रडले, लपवायचं काय त्यात! चक्कीवाल्याने चक्की बंद केली.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, चला आता. उशीर होतोय."

सासूबाई सगुणामावशींच्या शेजारी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "किसनला सांग, आई छावणीत गेलीय."